भिकुबाईचं पान आणि नानाचं टोपण

तीस वर्षं मी जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. द्रवाचा पृष्ठताण, स्पर्शकोन, घन पदार्थावर द्रवाचा थर कधी पसरतो आणि कधी गोळा होऊन बसतो, हे सगळं फळ्यावर आकृत्या काढून पोरांच्या डोक्यात भरलं. त्यातल्या निम्म्यांना परीक्षेपुरतं समजलं, उरलेल्यांना तेवढंही नाही. मला स्वतःला ते कितपत समजलं होतं, याचा निकाल माझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी भिकुबाईनं लावला. तिची शाळा चौथीत सुटलेली. त्या निकालात मी जेमतेम पास झाले, आणि माझा भाऊ साफ नापास.

भाऊ म्हणजे सुकलाल. गावात त्याला नाना म्हणतात. चोपड्यापासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावाच्या पश्चिमेला त्याचं अकरा बिघ्यांचं केळीचं वावर. नाना माणूस वाईट नाही, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो परत घेण्याची त्याला सवय नाही. मी धाकटी बहीण असून साठीत आले, तरी त्यानं माझ्याकडे 'चुकलं' म्हटल्याचं मला आठवत नाही.

भिकुबाई त्याच्याकडे फवारणीला यायची. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण आमच्याकडे ते सहज घडलेलं नाही. निंदणी, खुरपणी, बाग साफ करणं ही बायकांची कामं. पंप पाठीवर घ्यायचा तो पुरुषानं. बाईनं फार तर विहिरीवरून हंडे आणून पंपात पाणी ओतायचं. भिकुबाईनं हे हंडे बारा वर्षं वाहिले, कारण पंप तिच्या नवऱ्याच्या, सुपडूच्या पाठीवर असायचा. एका भाद्रपदात भर उन्हात, तोंडाला फडकं न बांधता कपाशीवर औषध मारताना सुपडू वावरातच कोसळला. चोपड्याच्या दवाखान्यात चार दिवस सलाईन लावावी लागली. जीव वाचला, पण तेव्हापासून औषधाचा नुसता वास आला तरी त्याला गरगरतं. तो शेळ्या सांभाळू लागला. आणि त्याच आठवड्यात भिकुबाईनं पंप उचलला.

लोक हसले. "बाई फवारणार, आणि आपण काय भाकरी थापायच्या?" असं नाना स्वतः माझ्यासमोर म्हणाला होता. भिकुबाई हसली नाही. सुपडूचा पूर्ण बाह्यांचा शर्ट तिनं लुगड्यावर चढवला, डोक्याला आणि नाकाला दुहेरी फडकं बांधलं आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "पंप मानूसना, तं मजुरी बी मानूसनी ना?" नानानं आधी डोळे वटारले. पण दोन दिवसांनी त्यानं पुरुषाची मजुरी दिली, कारण तिच्या हातची फवारणी त्यानं पाहिली होती. नंतर तिनं चार बायका तयार केल्या, त्यात तिची सून शीतलही होती. पाच पंपांची ही टोळी नंतर नऊ वर्षं अख्ख्या गावाची केळी फवारत होती.

तिचं फवारणं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते निवृत्तीनंतर, माहेरी महिनाभर राहायला गेले तेव्हा. केळीच्या पानावर मेण असतं. नुसतं पाणी मारलं तर ते अळवाच्या पानावरच्यासारखं गोळा होतं आणि घरंगळून जातं. म्हणून औषधात स्टिकर घालतात. त्यानं थेंबाचा ताण मोडतो, थेंब बसकण मारतो, पसरतो आणि पानावर औषधाचा पातळ थर राहतो. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. भिकुबाई मात्र प्रत्येक चार-पाच झाडांनंतर थांबायची, एका पानाच्या शेंड्याकडे बघत मनाशी पुटपुटायची, मग पुढे सरकायची. मला वाटलं देवाचं नाव घेते. विचारलं तर म्हणाली, "दहा मोजस, अक्का."

फवारल्यावर दहा मोजेपर्यंत पानाच्या शेंड्यावरून थेंब पडता कामा नये. पडला, तर पान औषध धरत नाहीये. "पानले घाम येवाले पाहिजे," ती म्हणाली, "आंघोय नको." घाम यावा इतकंच पान ओलं व्हावं, आंघोळ घालू नये. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षं ती डोक्यावरून पाणी वाहत होती आणि पुरुष ते पाणी पानांवरून जमिनीवर सांडत होते. स्वतः वाहिलेलं पाणी मातीत गळताना बघून जो संताप येतो, त्यातून ही दहाची मोजणी निघाली. मी तीस वर्षं ज्या थराची आकृती काढत होते, तो थर ही बाई रोज डोळ्यांनी मोजत होती. मला त्या दिवशी थोडी लाज वाटली आणि बराच आनंद झाला. त्या आनंदाची पुढे मी काय माती केली ते सांगतेच.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मी पुन्हा माहेरी राहायला आले होते. रोज ढग, पहाटे दव, आणि आजूबाजूच्या शिवारात करपा दिसायला लागलेला. करपा म्हणजे पानावर पिवळ्या रेघा येतात, त्यांचे तपकिरी ठिपके होतात, मग कडेपासून पान जळत येतं. पानं गेली की घड भरत नाही. नानानं घाईनं औषध आणलं. सोबत दुकानदारानं नव्या कंपनीचं स्टिकर दिलं. जुन्यापेक्षा भारी, म्हणे पाण्याचा थेंब पानावर पडताक्षणी सपाट होतो.

आमच्या गावात स्टिकर मोजायचं माप एकच: पंपाला एक टोपण. बाटली कुठल्याही कंपनीची असो, टोपण कितीही मोठं असो. ज्यानं हे पहिल्यांदा ठरवलं तो कधीच वर गेला, पण त्याचं टोपण अजून चालू आहे. आणि माझा भाऊ तर टोपण ओतल्यावर वरून अजून अर्धं टाकणारा माणूस, भाजीत मीठ टाकतानाही त्याचा हात असाच.

सकाळी जुनी बाटली शिल्लक होती. पहिल्या बारा ओळी त्या स्टिकरवर झाल्या, नाना बांधावर उभा होता. मग ती बाटली संपली. नानानं नवी फोडली, दीड टोपण टाकून पहिला पंप स्वतः भरून दिला, "असंच टाकत जा" म्हणून सांगितलं आणि बाजार समितीतल्या कामाला चोपड्याला निघून गेला.

तेराव्या ओळीच्या दुसऱ्या झाडाशी भिकुबाई थांबली. पान असं चकाकत होतं की त्यात आभाळ दिसावं. ओलावा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सपाट पसरलेला, एकही थेंब सुटा नाही. शीतल म्हणाली, किती छान बसलं औषध. भिकुबाई शेंड्याकडे बघत मोजायला लागली. चारला पहिला थेंब पडला. सहापर्यंत धार लागली.

सगळं पाणी खाली पळतंय हे बघून तिनं शीतलच्या मोबाइलवरून नानाला फोन लावला. "नाना, पान धरी नही राहिनं. पानी बठ्ठं खाले पयी राहिनं. स्टिकर कमी करू का?"

नाना तिकडे चार माणसांत बसलेला, त्यात पावसानं औषध धुऊन जाण्याची धास्ती. तो म्हणाला, "ढग येल शेतस. पानी उनं तं धुई जाई. सांगं तितलं टाक." आणि फोन ठेवला.

तिनं सांगितलं तेवढं टाकलं. संध्याकाळी नानानं नुकत्याच फवारलेल्या, चकाकणाऱ्या पानाचा फोटो काढून मला दाखवला. "देख, कसं चमकी राहिनं!" मीही कौतुक केलं. मी पदार्थविज्ञानाची बाई, आणि फोटोतल्या पानाच्या शेंड्यावर लोंबणारा थेंब मला दिसला नाही.

तीन आठवड्यांत करपा आला. पहिल्या बारा ओळी हिरव्यागार. तेराव्या ओळीपासून पुढे पिवळ्या रेघाच रेघा. नाना वावरातून फिरला आणि त्याच्या डोक्यात हिशेब तयार झाला: मी उभा होतो तोवर नीट मारलं, मी गेलो आणि हिनं ओळी सोडल्या, औषध सांडून दिलं आणि सावलीत बसली. फवारणीवाल्यांवर हा आळ आमच्याकडे नवा नाही. त्याला ओळ चोरणं म्हणतात. एकदा तो शिक्का बसला की त्या माणसाला कुणी पंपाला बोलवत नाही, आणि टोळीचा मुकादम असेल तर अख्खी टोळी बसते.

नाना ते घरात बोलला असता तर निभावलं असतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर बोलला. त्या वेळी अर्धं गाव कॅन घेऊन तिथे उभं असतं. डेअरी चालवतात उखर्डू आबा. त्यांच्या काट्यासमोर उभा राहून नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "भिकीनी मन्या ओळी चोऱ्यात! आते तिले कोनी पंप देऊ नका." भिकुबाई रांगेत होती, हातात शेळीच्या दुधाची बरणी. तिनं बरणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी एक बी ओळ चोरेल नही." नाना पाठ फिरवून निघून गेला.

दोन दिवसांत तिच्या टोळीची चार कामं रद्द झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणी म्हणालं ट्रॅक्टरवाला फवारणार आहे, कुणी म्हणालं पुढच्या आठवड्यात बघू. शीतल दुसऱ्या मुकादमाकडे निंदायला जाऊ लागली. नऊ वर्षांत उभं केलेलं नाव एका सकाळी, एका माणसाच्या घशातून निघालेल्या आवाजानं आडवं झालं. आणि ओरडणारा माझा भाऊ होता म्हणून मी गप्प बसले. हे मी आता लिहिते आहे तसं तेव्हा स्वच्छ दिसत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं ठरेल. मला दिसत होतं.

गावानं मग नेहमीची वाट काढली. आमच्याकडे मजुरावर आळ आला की त्यानं देवीच्या ओट्यावर जायचं, भंडारा हातात घ्यायचा आणि शपथ घ्यायची. शपथ घेतली की मालकानं मान हलवायची आणि विषय संपवायचा. नानाही तयार झाला. "घेऊ दे शपथ, मी काही मनात ठेवणार नाही," तो मोठ्या मनानं म्हणाला. हा निरोप घेऊन भिकुबाईकडे कोण जाणार? शिकलेली, समजूतदार कमलअक्का. म्हणजे मी.

भिकुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, सुपडू दारात. मी निरोप सांगितला. शिवाय माझ्या पदरचेही चार शब्द घातले, की दोन मिनिटांचं काम आहे, शपथ घे आणि मोकळी हो, तुझं काम परत सुरू होईल.

तिनं शेंग टाकली. "अक्का, शपथ चोर बी लेस," ती म्हणाली. "मी शपथ लिसन सुटी जासू, आनी बठ्ठास्ना मनमा चोरच राहसू. नाना म्हनी, जाऊ द्या, माफ करं. माले कसानी माफी? मी काय करेल शे?"

मी म्हटलं, "अगं पण गावाची रीत आहे."

"तुम्ही शिकेल शेतस. तुम्ही बी हाईच सांगतस का?" तिचा आवाज चढला नव्हता, पण माझी मान आपोआप खाली गेली. "देवीले कसाले मधमा आनतस? पानले इचारा. पान आनी बाटली लई या, मी देखाडस कोनी चोरी करी ती. मनी एकच चूक शे. नानानं आयकं. पान धरी नही राहिनं हाई माले दिसं, तरी मी त्यासनं आयकं."

फोनची गोष्ट मला तेव्हा कळली. मी घरी आले. ओसरीवरच्या फळीवर ती नवी बाटली होती, गेला महिनाभर माझ्या नाकासमोर. चष्मा लावून लेबल वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: पंधरा लिटरच्या पंपाला तीन मिली. स्वयंपाकघरात खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण होतं, त्यानं मी बाटलीचं टोपण मोजलं. बारा मिली भरलं. नानाचं दीड टोपण म्हणजे अठरा. हव्या त्याच्या सहापट! इतकं स्टिकर पडलं की पाणी पसरतं, पण पानावर ठरतच नाही. त्याचा थर इतका पातळ आणि निसरडा होतो की उताराला लागून सगळा शेंड्यावरून खाली जातो, आणि औषध सोबत घेऊन जातो. जे पान सर्वात जास्त चकाकतं, त्याच्यावर औषध सर्वात कमी राहतं. हे मला कागदावर सिद्ध करता आलं असतं. पण नाना कागद बघून कधीच हरलेला नाही.

"शपथ नाही घेत ती," मी त्याला सांगितलं. "म्हणते, पानावर दाखवते."

"मंग चोरच शे," नाना म्हणाला.

"मग भितोस कशाला? ये बघायला." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी या आवाजात बोलले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं नानाची चप्पल त्याच्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरी आटोपल्यावर आम्ही वावरात गेलो. उखर्डू आबा आले, आणि त्यांच्या मागोमाग रांगेतली पंधरा-वीस माणसं. आबांनी स्वतःही तीच नवी बाटली आणली होती, अजून फोडली नव्हती, त्यामुळे त्यांना भारी घाई. जुन्या स्टिकरची अर्धी बाटली त्यांच्याकडेच निघाली. भिकुबाई, शीतल आणि दोन पंप आधीच बांधावर हजर होते. तिनं कपड्यांची नीळ आणली होती.

"अक्का, एक पांढरं धोतर पाहिजे," ती म्हणाली.

पांढरं धोतर आमच्या घरात एकाच माणसाचं. दोरीवर वाळत होतं, मी ते काढून आणलं. नाना माझ्याकडे असा बघत होता की लहानपणी त्याची पतंगाची चक्री मी विहिरीत टाकली होती तो दिवस आठवावा. भिकुबाईनं शेजारशेजारच्या दोन झाडांखाली ते लांबलचक अंथरलं, एक टोक एका पानाच्या शेंड्याखाली, दुसरं दुसऱ्याच्या. दोन्ही पंपांत तिनं सारखं पाणी घेतलं आणि सारखी नीळ विरघळवली. एकात जुन्या स्टिकरचं एक टोपण टाकलं. नवी बाटली नानाच्या हातात दिली. "तुम्हीच टाका, नाना. त्या दिन टाकं तसंच."

नानानं टोपण भरून ओतलं. मग सगळे बघताहेत हे विसरून, सवयीनं, वरून अजून अर्धं. लोकांत कुजबुज झाली. नानाला कळेना का.

तिनं पहिलं पान फवारलं, जुन्या स्टिकरचं. बारीक तुषार, खालून वर, मग वरून खाली. पानावर ओलसरपणा आला, जरा खरखरीत, घाम यावा तसा. "मोजा," ती म्हणाली. आबा मोठ्यानं मोजू लागले, माणसं त्यांच्यामागून. दहा झाले. धोतरावर निळे ठिपके पडले होते, फवारताना उडालेले, आठ-दहा. शेंड्यावरून एकही थेंब आला नाही.

मग तिनं दुसरा पंप उचलला. तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, तोच हात. पान झरझर ओलं झालं आणि आरशासारखं चकाकायला लागलं. "हाई देखा, कसं चमकी राहिनं," ती म्हणाली. बस, एवढंच. आबांनी मोजायला सुरुवात केली. तीनला शेंडा निळा झाला. चारला थेंब. सातपर्यंत धार लागली, आणि दहा म्हणायच्या आत नानाच्या धोतराच्या त्या टोकावर ताटाएवढा निळा डाग पसरला.

भिकुबाईनं पंप खाली ठेवला. "बारा ओळी जुना स्टिकरन्या," ती म्हणाली, "तेरावी पासून नवा. करपा कठे सुरू व्हस, हाई तुम्ही बठ्ठास्नी देखेल शे. मी फोन करा व्हता."

आबा नानाकडे वळले. "फोन उना व्हता का, सुकलाल?"

नाना धोतराकडे बघत होता. मला वाटलं आता तो नाही म्हणेल. त्याच्या चेहऱ्यावर तो 'नाही' आलेला मला दिसला. मग तो म्हणाला, "उना व्हता. माले वाटनं, काम टाळी राहिनी." आणि धोतर न उचलता घराकडे निघून गेला.

आबांनी त्यांची न फोडलेली बाटली खिशातून काढली, माझ्याकडे दिली आणि लेबल वाचून दाखवायला सांगितलं. मी मोठ्यानं वाचलं. मग त्यांनी तिथल्या तिथे भिकुबाईला विचारलं, माझ्या वावरात कधी येशील? ती म्हणाली, अजून नाही. आधी एक काम बाकी आहे.

संध्याकाळी वहिनीनं माझ्या हातात नवी साडी दिली, हिरवी, काठाची. झालेलं मिटवायचं तर आमच्याकडे घरची बाई साडी पाठवते, पुरुषाला बोलावं लागत नाही. ही सोय कुणी केली असेल ते सांगायला नको. मी ती घेऊन गेले, पण या वेळी पदरचं काहीही घातलं नाही. भिकुबाईनं घडीला हातही लावला नाही.

"साडी मी मागेल नही, अक्का. नानाले सांगा, जठे बोलनात तठे बोला."

मी ते शब्द जसेच्या तसे नानाला सांगितले. तो जेवत होता. ताटावरून उठला, हात धुतला आणि अंगणात फेऱ्या मारत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण मी समजूत घालायला गेले नाही. चोर म्हणून जगणं म्हणजे काय, याचा त्याला एका रात्रीपुरता तरी अंदाज यावा असं मला वाटत होतं.

सकाळी मी त्याच्या आधीच डेअरीवर जाऊन उभी राहिले. भिकुबाई रांगेत होती. नाना आला. तो काट्याजवळ गेला आणि आबांकडे बघत, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं बोलला, "गैरसमज झाला. झालं गेलं विसरा."

"आयकू नही उनं," भिकुबाई म्हणाली.

नानानं तिच्याकडे पाहिलं. पन्नास माणसं बघत होती, त्यातली निम्मी आमच्या भाऊबंदकीतली. कुणीतरी मागून म्हणालं, जाऊ दे ना भिकुबाई, मोठा माणूस आहे.

"जोरमा बोला, नाना," ती म्हणाली. "त्या दिन जोरमाच बोलनात ना?"

नानानं टोपी काढली, परत घातली. मग तो रांगेकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच त्या आवाजात, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं म्हणाला, "भिकुबाईनी एक बी ओळ चोरेल नही! औषध मनामुये वाया गयं!"

भिकुबाईनं बरणी काट्यावर ठेवली. आबांनी दूध मापलं, चिठ्ठी फाडून दिली. रांग पुढे सरकली आणि माणसं एकदम बोलायला लागली, कुणाला कधी फवारायचं आहे ते. ती एकेकाला दिवस देत होती. शीतल मोबाइलमध्ये लिहून घेत होती. नाना बाजूला उभा होता. गर्दी कमी झाल्यावर तो जवळ आला.

"उद्या येशीन ना? करपा चढी राहिना."

"पहिले आबानं वावर," भिकुबाई म्हणाली. "मंग बाकीना. तुमना नंबर चौथा."

"चार दिन? अरे, पानं जळी जातीन मनी!"

"मी दहा दिन घर बसनी," ती म्हणाली. "तुम्ही चार दिन बसा."

नाना बसला. चारही दिवस बसला.